सोनेरी कागदाचं आपट्याचं पान

आमच्या गावात कागद वळायचा असतो. घडी घालणं हे पत्रं लिहिणाऱ्या शहाण्या लोकांचं काम, असं आम्हा पोरांना वाटायचं. तेरखेड्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं आमचं गाव, आणि तिकडच्यासारखाच आमच्याकडंही दारूचा धंदा. दारू म्हणजे फटाक्याची, हे आधीच सांगून ठेवते. मुलाचं लग्न ठरवताना मी पुण्याच्या विहीणबाईंना मोठ्या अभिमानानं म्हणाले, 'आमच्या नानांनी जन्मभर दारूचं काम केलं,' तर बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. तर, भादवा लागला की कारखान्याकडून घरोघर रद्दीचे गठ्ठे यायचे. बाया ओट्यावर पाट घेऊन बसायच्या. लोखंडी सळईवर कागदाची पट्टी धरायची, कडेला खळ लावायची, तळव्यानं दाबून सळई पुढं ढकलायची, की सर्रकन नळी तयार. सकाळी भाकरीची थापथाप थांबली की गल्लीत हे सर्र सर्र सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. माझी आई तर बोलता बोलता, भांडता भांडता वळायची. तिच्या बोटांना कायम आंबूस खळीचा वास असायचा, आणि तिनं हातानं भरवलेल्या भाकरीलाही तो यायचा. मला तो आवडायचा. अजूनही कुठं आंबट कांजीचा वास आला की मला एकदम भूक लागते.

घरात यायच्या त्या फक्त रिकाम्या नळ्या. दारू भरायचं काम गावापासून लांब, रानातल्या शेडमध्ये. भरून झालं, तोंड बंद झालं, की सगळ्यात शेवटी वरून सोनेरी कागद चढवायचा, तोही तिथंच. सोनेरी कागद कधी गावात येत नसे, कारण रिकाम्या नळीला सोनं कुणी लावत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझे वडील, नाना, त्या शेडमध्ये भरणीवर होते. त्यांच्या धाकट्या भावाला, दत्तूकाकाला, मी फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलंय. शेड पेटली तेव्हा नानांनीच त्याला ओढून बाहेर काढलं, पण उपयोग झाला नाही. नानांच्या डाव्या हाताची कातडी तेव्हापासून ताणल्यासारखी, चकचकीत. कामावरून ते सरळ घरी कधीच आले नाहीत. रानातल्या विहिरीवर अंघोळ, कामाचे कपडे तिथल्याच कडुलिंबाला टांगलेले, आणि ओल्या केसांनी धुतलेल्या कपड्यांत उंबऱ्यात पाऊल. नाना घरात येतायत हे आम्हाला त्यांच्या ओल्या केसांवरून कळायचं. माणूस तसा गरीब, पण एका गोष्टीला कडक. आईला आमच्यादेखत त्यांनी सांगितलं होतं, "ह्या उंबऱ्याच्या आत दारू आली, तर एकतर ती तरी ऱ्हाईल, न्हायतर म्या तरी. नीट ऐकून ठेव." आणि नाना उगाच बोलायचे नाहीत, हे आईला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मी सातवीत होते तेव्हा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत बालवाडी सुरू झाली. माझी धाकटी बहीण छबी तिथं जायची. बाई ईटहून एसटीनं यायच्या, मंदाबाई नावाच्या, दोन वेण्या घालणाऱ्या, नुकत्याच शिकून आलेल्या. अश्विन लागला तेव्हा त्यांनी पोरांना शरद ऋतू शिकवायला घेतला. "पाऊस संपला की काय येतं?" त्यांनी विचारलं, तर सगळी पोरं एका सुरात ओरडली, "फटाके!" मी छबीला न्यायला गेलेली, दारातच हसायला लागले. मग बाईंनी प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्राचा एकेक चौकोन दिला आणि म्हणाल्या, "आता ह्याची आपण घडी घालायची." त्यांचं वाक्य संपायच्या आत सगळ्या पोरांनी आपापला कागद मांडीवर घेतला आणि तळव्यानं झकास वळून टाकला. ओवरीभर नळ्याच नळ्या. एक जण तर म्हणाला, "बाई, खळ द्या की!" बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! वळू नका रे, दुमडा! दुमडा!"

पण बाई चिवट. कोपऱ्यावर कोपरा ठेवायचा आणि नखानं इस्त्री करायची, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी ती चार-पाच वर्षांची पोरं शिकवली. पट्टीच्या बारीक चुण्या घालून गोल फिरवली की झेंडू. चौकोनाला मधे चिमटा काढला की फुलपाखरू. आणि सगळ्यात सोपं, सगळ्यांचं आवडतं, आपट्याचं पान. चौकोनाचा त्रिकोण करायचा, त्रिकोणाचे दोन्ही कान वर मधोमध आणायचे, वरची टोकं मागं दुमडायची, झालं पान. खरा आपटा दसऱ्याला ओरबाडून निघतो, बोडका होतो, म्हणून ह्या वर्षी कागदाचं सोनं वाटायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. आता माझी नात इरा फोनवर व्हिडिओ लावून शाळेची 'ऑटम'ची पानं करते, तांबडी, तपकिरी, सोबत एक खारुताई. मला म्हणते, "आजी, तुमच्या गावात ऑटममध्ये पानं गळायची?" म्हटलं, "बाई गं, आमच्याकडं अश्विनात सगळं हिरवंगार असतं, सोयाबीन तेवढं वाळतं, आणि घाम गळतो." पण तिची बोटं पाहिली की मला छबीची बोटं आठवतात. तशीच आखूड, तशीच हट्टी.

छबीला वर्तमानपत्राचं सोनं पसंत नव्हतं. "ह्याच्यावर माणसांची तोंडं हायती. सोनं पिवळं असतंय," असं तिनं बाईंनाच सुनावलं. घरी आली की माझ्या मागं भुणभुण, "अक्का, पिवळा कागद दे की." मी म्हणायची, "कुठनं आणू? माझ्या डोक्यावर उगवतोय का?"

नवरात्रात आमच्या घरी घट बसायचे. पत्रावळीवर माती, तिच्यात उगवलेलं पिवळं-पोपटी धान, वर टांगलेल्या कडक तळलेल्या कडाकण्या आणि झेंडूच्या माळा, आणि बाजूला नऊ दिवस, नऊ रात्री जळणारा दिवा. तुळजापूरच्या आईचा दिवा. तो हलवायचा नाही, विझू द्यायचा नाही. विझला तर घरातल्या कर्त्या पुरुषावर येतं, असं आई सांगायची, आणि सांगताना आवाज खाली आणायची. त्या वर्षी रानातला उडीद घरात आला आणि त्याच्याबरोबर उंदीर. एका सकाळी उठून बघतो तर उंदरानं दिव्यातली एक जळती वात तेलाच्या वासानं ओढत नेलेली. घोंगडीच्या काठाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. दिव्यात दुसरी वात होती म्हणून दिवा राहिला. आईनं देवीला हात जोडले, उंदराला शिव्या दिल्या, आणि भगर शिजवायला गेली. मीही विसरून गेले.

खंडेनवमीचा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी सळई, पाट, कातर सगळ्यांची पूजा व्हायची. शेडमध्येही व्हायची, पण तिथं फक्त हळदकुंकू आणि फूल, दिवा-उदबत्ती नाही. पूजा झाली की त्या दिवशी नाना लवकर सुटायचे. माझी शाळा अर्धी होती. मी ओवरीत गेले तर बाईंनी दोरीला पोरांची पानं, फुलं, बगळे टांगले होते, वाऱ्यावर सगळं फडफडत होतं. "शालन, इकडं ये," बाईंनी हाक मारली. "तुझ्या बहिणीची कमाल बघ! सकाळी कागद घेऊनच आली." छबी दोन्ही हातांत पानं धरून उभी होती. सोनेरी. उन्हात अशी चमकत होती की बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा झालेली.

मी खाली बसले, तिचा दंड धरला. "छबे, कागद कुठं सापडला?"

"कणगीमागं. पेटीत लई हाय. आईला सांगू नको, आं."

बाईंना काय कळणार? त्या ईटच्या. त्यांच्या लेखी तो सुंदर कागद होता. मी फक्त म्हणाले, "बाई, हिला आज मी सांगेपर्यंत घरी सोडू नका," आणि पळत सुटले. पळताना एकच गणित डोक्यात. सोनेरी कागद घरात आहे, म्हणजे भरलेले नळे घरात आहेत. कणगी आणि घट एकाच खोलीत. घटापाशी दिवा. आणि उंदीर.

घराला नुसती कडी होती. आई देवीच्या देवळात ओटी भरायला गेलेली. मी कडी काढली आणि आत गेले. दिवा शांत जळत होता. कणगीमागं दोन पुठ्ठ्याच्या पेट्या, एकीचं झाकण छबीनं उघडं टाकलेलं, आणि आत भुईनळे ओळीनं उभे, अर्धे सोनेरी, अर्धे अजून उघडे. खाली सारवलेल्या जमिनीवर राखाडी चिमूटभर काहीतरी सांडलेलं. नळे भरतानाच्या त्या भुकटीचा वास मला नानांच्या लिंबावरच्या कपड्यांमुळं पाठ होता. कणगीच्या बुडाशी काहीतरी खुडखुडलं. खरं सांगते, मला रडायला येत होतं, आणि रडले असते तर बरं झालं असतं, पण तेवढाही वेळ नव्हता.

पेट्या आधी बाहेर काढाव्यात तर दिव्याला घासूनच जावं लागणार, वाटच तेवढी अरुंद. ओढायच्या तर नाहीतच. ओढायचं नसतं, उचलायचं असतं, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणजे दिवा. नवमीचा दिवा, नानांच्या जिवाचा दिवा. मी घटासमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई अंबाबाई, माझ्यावर रागव. नानांवर नको." दिव्यावर फुंकर मारत नाहीत. मी माळेतली झेंडूची पाकळी तोडली, तेलात बुडवली आणि वातीवर ठेवली. चर्र झालं. धुराची एक रेघ वर गेली आणि कडाकण्यांत मिसळली. मग पेटीला घासायला नकोत म्हणून मी बांगड्या उतरवल्या आणि एकेक पेटी लेकरासारखी छातीशी धरून अंगणात नेऊन ठेवली.

दुसरी पेटी खाली ठेवते न ठेवते तोच आई आली. तिनं आधी आत पाहिलं. दिवा पाहिला. तिच्या हातातलं ओटीचं ताट खाली पडलं, आणि पुढच्या क्षणी माझ्या गालावर अशी बसली की कानात सूं झालं. "कुणी इझिवला? आं? बापाच्या जिवावर उठलीस व्हय गं सटवे!"

मी बोट दाखवलं. पेट्या बघून आईचा हात तोंडावर गेला. ती मटकन ओट्यावर बसली. "नुसता कागद चिकटवायचा व्हता गं. मुकादम म्हणला, शेडमधी माणसं कमी पडायलीत, दिवाळी तोंडावर आली. सगळ्याच बाया औंदा गुपचूप नेतात. त्वांडं बंद करून देतो म्हणला व्हता. छबीला फराक घ्यावा म्हणलं सणाला." मग एकदम उठली. "शाले, उचल. आत घे. तुझे नाना यायची येळ झाली."

"न्हाय घेणार."

"तुझ्या पाया पडते! त्यांनी काय सांगितलंय ठावं हाय ना तुला? ते जातील गं. खरंच जातील."

मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. इतकी वर्षं झाली, पण आईच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती होती ती मी पुन्हा कुणाच्याही डोळ्यांत पाहिली नाही. तिच्या हातून भलतंच घडलं होतं, आणि तरी मला तिचीच कीव येत होती. शेवटी आम्ही दोघींनी मिळून पेट्या परसातल्या कोरड्या हौदात ठेवल्या, वर पोतं टाकलं. सांडलेली भुकटी ओल्या फडक्यानं टिपली. पाठ वळवतो तर दारात नाना.

ओल्या केसांनी, हसत आले होते, हातात झेंडूची फुलं. घटाकडं नजर गेली आणि हसू गेलं. "दिवा?"

"उंदरानं वात नेली," आई म्हणाली. एवढं झटकन म्हणाली की मी तिच्याकडं बघतच राहिले.

"आन् काय जळालं न्हाय नव्हं? मग झालं. देवीला समजतंय." नानांनी कोनाड्यातून काडेपेटी काढली, घटापुढं बसले, दिव्यावर वाकले आणि थोडा वेळ तसेच राहिले. मला वाटलं प्रार्थना करतायत. एवढ्यात अंगणातून छबीचा आवाज आला. ती बाईंचं बोट ओढत येत होती. माझी वाट बघून बघून बाई स्वतःच तिला सोडायला निघाल्या होत्या. छबी धावत आत शिरली आणि नानांसमोर मूठ उघडली. "नाना, सोनं घ्या! खरं पिवळं हाय!"

नानांनी ते पान घेतलं. काडी त्यांच्या दुसऱ्या हातात तशीच होती, न ओढलेली. त्यांनी पान नाकापाशी नेलं. मग एकेक घडी हळूहळू उलगडली, चौकोन होईपर्यंत. छबी ओरडली, "मोडलं माझं पान!" काडी नानांनी परत काडेपेटीत घातली आणि काडेपेटी घटापुढं ठेवली. "बाई," ते म्हणाले, "पोरीला जरा देवळाकडं फिरवून आना." बाई कावऱ्याबावऱ्या होऊन छबीला घेऊन गेल्या. नानांनी आईकडं पाहिलं सुद्धा नाही. "कुठं हाय?" आईनं हौदाकडं हात केला. नानांनी पेट्या डोक्यावर एकावर एक घेतल्या आणि रानाची वाट धरली.

आम्ही दोघी घटापुढं बसून राहिलो. गल्लीत घराघरांतून दिवे लागले. आमच्या घरात दिवा नाही, चूल नाही. आई एकदाच बोलली, "आता येत न्हाईत गं ते." मलाही तेच वाटत होतं. माझ्यामुळं झालं का आईमुळं, का त्या चिमुरड्या छबीमुळं, हेच मी मनात उलटंपालटं करत होते.

मग दारात सावली आली. नाना. केसांतून पाणी ठिबकत होतं, नुकतंच. त्यांनी पुन्हा अंघोळ केली होती. मला हुंदकाच फुटला. पण ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "वात जागेवर हाय. तिच्यावर पाकळी हाय," ते म्हणाले. "उंदीर पाकळी ठिवत न्हाय. कुणी केलं?"

"म्या, नाना."

"फुकलीस?"

"न्हाय."

आई पदरात तोंड घालून म्हणाली, "तुमी म्हणला व्हता, एकतर ती, न्हायतर तुमी."

"ती गेली की," नाना म्हणाले. "शेडमधी ठिवून आलो. मुकादमाला काय सांगायचं ते सांगितलं." आणि उंबरा ओलांडून आत आले. घटापुढची काडेपेटी माझ्या हातात दिली. "जिनं शांत केला तिनंच लाव." मी काडी ओढली की दारातल्या वाऱ्यानं विझायची. शेवटी आई सरकत जवळ आली आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ काडीभोवती धरली.

दिवा लागला, पण नाना आईशी बोलले नाहीत. त्या रात्री ओट्यावर झोपले. दसऱ्याच्या सकाळी छबी फुरंगटून बसली होती, तिचं पान गेलं म्हणून. नानांनी रद्दीतला एक कागद घेतला, चौकोन फाडला आणि तिला म्हणाले, "दाखीव मला." छबीनं दाखवलं. नानांची बोटं दर वेळी कागद वळायलाच जायची. "असं न्हाय ओ नाना! कान वर! आता नखानं इस्त्री!" ती त्यांना रागवत होती, आणि जन्मभर नळ्या भरलेला तो माणूस चकचकीत कातडीच्या हातानं निमूटपणे पुन्हा पुन्हा दुमडत होता. आई आत पुरणपोळीची कणीक मळत होती. तिचा मळण्याचा आवाज मधेच थांबायचा, ऐकायची, पुन्हा सुरू व्हायचा.

मी पुढं तीस वर्षं बालवाडीत पोरांना हेच पान शिकवलं. सोनेरी कागद कधी वापरला नाही. पोरं मागायची, मी नाही म्हणायची, कारण विचारलं तर दटावायची. इराच्या पुड्यात सोनेरी कागद आहे. परवा तिनं त्याचं पान करून माझ्यापुढं धरलं, तर मी आधी नाकाला लावलं. ती खळखळून हसली.

त्या दसऱ्याला सीमोल्लंघन करून नाना परत आले. गावभर त्यांनी खरा आपटा वाटला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन त्यांनी खिशातून एक पान काढलं. वर्तमानपत्राचं, वाकडं, एक कान मोठा, एक लहान, बाहेरच्या बाजूला कुणाचं तरी अर्धं तोंड. "घे," ते म्हणाले. "सोनं हाय." आईचे दोन्ही हात रात्रीच्या पोळ्यांच्या कणकेनं भरलेले होते, म्हणून तिनं पदर पुढं केला.